खाल्ल्या मिठाला

डिसेंबर. सकाळचे नऊ वाजलेत,
क्रिस्तियानसुनमध्ये उजाडायला अजून वेळ आहे.
ओलाउग मेलांड वजनकाट्यावर उभी,
एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला.
एकाहत्तर सहाशे.
सोमवारी अडुसष्ट होतं.

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबते, उचलते.
खळगा राहतो.
दहापर्यंत मोजते. अजून आहे.
ती वाकून बघते, हसते:
"परत खडकावर."

मला कळत नाही, मग सांगते.
सोळाव्या वर्षापासून ती खारवलेला कॉड
किनाऱ्याच्या खडकांवर पसरायची,
ढग दिसला की पळत गोळा करायची.
मासा वाळला की नाही, याची परीक्षा एकच:
पाठीच्या जाड मांसात अंगठा.
ठसा उमटला तर आत पाणी आहे,
मासा परत खडकावर.

मग औषधाच्या खोक्यावर नळी काढणं
मला सोपं जातं.
"रक्तातून गाळलेलं पाणी इथून शिरतं
आणि वाटेतच जवळजवळ सगळं माघारी जातं.
नळीची भिंत मीठ ओढून घेते, आणि पाणी..."
"पाणी त्याच्या मागे. हे मला शिकवू नकोस, पोरी.
पाणी खाल्ल्या मिठाला जागतं."

तिची जुनी गोळी, फ्युरोसेमाइड,
वळणानंतरच्या चढावर काम करते.
तिथे एक होडी आहे चौघांची:
एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड.
गोळी क्लोराइडच्या जागी बसकण मारते.
होडी सुटतच नाही.
मीठ नळीत राहतं, पाणी त्याच्यासोबत,
आणि ओलाउग दुपारपर्यंत
संडासाच्या दारापासून लांब जात नाही.

"मग आता का चालत नाही ती?"

कारण नळीही राबणारी आहे.
वरून वाहून येणारं मीठ बघून बघून
पुढचा तुकडा जाडजूड झाला,
निसटलेलं वेचायला शिकला.
म्हणून आजपासून दुसरी गोळी, थायझाइड:
ती त्या वेचणाऱ्याचे हात धरील.

तीन रात्रींनी पोटऱ्यांत गोळे आले.
मिठासोबत पोटॅशियमही चाललं होतं,
त्याच्यावाचून हृदयाचा ठेका चुकतो.
तिसरी गोळी स्वभावाने संथ.
ती होडी अडवत नाही, निरोप अडवते.
थकल्या हृदयाकडून रक्त कमी पोहोचतं,
मूत्रपिंडाला वाटतं, दुष्काळ पडला,
आणि अंग सुजून टम्म असताना
हुकूम सुटतो: मीठ राखा.
स्पायरोनोलॅक्टोन तो हुकूम वाचूच देत नाही.
परिणाम दिसायला दिवस लागतात.

"येर्मुंडला काय दिलं होतं?" तिने एकदा विचारलं.
बोटीवरचा दांडा त्याच्या डोक्यात बसला होता,
मेंदूला सूज, शिरेतून साखरेसारखं काहीतरी.
मॅनिटॉल, मी म्हटलं. ते कुठलंच दार लावत नाही.
नळीत उतरतं, माघारी जात नाही,
आणि पाण्याला धरून ठेवतं.

ती खिडकीकडे बघत राहिली.
"पाण्याला धरलं," म्हणाली.
"त्याला नाही धरलं."

नाताळात खारवलेल्या बरगड्या खाल्ल्याचं
तिने कबूल केलं नाही,
काट्याने केलं. दीड किलो.
मी काही बोलले नाही, ती तीन दिवस
बिनमिठाचे बटाटे माझ्यावर डोळे रोखून खात होती.

आज जानेवारीची वीस.
सदुसष्ट नऊशे.
माझ्याआधी तीच वाकते,
नडगीवर आपला अंगठा रोवते, उचलते.
कातडी जिथल्या तिथे.
"वाळला," ती म्हणते.

वाळलेला मासा कुठे जायचा, मी विचारते.
"जहाजावर. पोर्तुगाल, ब्राझील. लांब."
मी सुई उघडते; पोटॅशियम बघायचंय.
"एवढ्यात चढवू नकोस मला जहाजावर,"
ती म्हणते आणि बाही वर सारते.